एक पाटा जास्त

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गाडीची पारख पायानं करायचे. रामनगरात कुणी नवी गाडी आणली की ते आधी तिच्या पुढच्या बंपरवर पाय ठेवायचे आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबून बघायचे. गाडी हलली नाही तर पसंत. हलली तर मालकाकडं असं बघायचे की त्या बिचाऱ्याला हातातले पेढे वाटायची लाज वाटावी.

माझी गाडी बेळगावहून आली तेव्हा त्यांच्या पाठीचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली होती. पाय एवढा वर उचलायची मुभा राहिली नव्हती. म्हणून त्यांनी दोन्ही तळहात बॉनेटवर टेकले आणि दाबलं. गाडीचं नाक खाली गेलं, वर आलं आणि तिथंच थांबलं.

"पोरी," आबा म्हणाले, "ही तर वाकतीया की."

"वाकायलाच बनवलीय ती."

"वाकणारी गाडी अणशीच्या रस्त्याला टिकंल व्हय?"

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि घरात गेले. मी प्राथमिक शाळेत शिकवते. दिवसभर चाळीस पोरांच्या शंकांना तोंड देऊन घरी आलं की एक्केचाळिसाव्या पोराशी हुज्जत घालायचं त्राण उरत नाही. आणि हे पोर चौऱ्याहत्तर वर्षांचं. आई गेल्यावर मी रामनगरला बदली मागून घेतली ती याच पोराला सांभाळायला. त्याचा मला पश्चात्ताप नाही, पण वैताग मात्र रोज येतो.

आबांनी तीसहून जास्त वर्षं जीप चालवली. रामनगर ते जोयडा, तिथून कुंभारवाडा, पुढं अणशी. भाताची पोती, आजारी माणसं, नवऱ्या मुली, कोंबड्या, एकदा तर शाळा तपासायला आलेले साहेब, सगळं त्याच जीपमधून गेलं. त्या जीपच्या पुढच्या दोन चाकांमध्ये एकच जाड लोखंडी दांडा होता आणि तो पाट्यांवर बसवलेला होता. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. डावं चाक खड्ड्यात गेलं की दांडा तिरका व्हायचा, उजवं चाक विनाकारण तिरकं व्हायचं, आणि दोन्हींचा मिळून हिसका बसणाऱ्याच्या माकडहाडात जायचा. दुखणं एका चाकाचं, बोंब सगळ्या गाडीची.

त्यात आमच्याकडच्या ड्रायव्हरांची एक रीत होती. नवी जीप आली की आधी लोहाराकडं न्यायची, पुढं-मागं एकेक पाटा वाढवून घ्यायचा आणि मगच नारळ फोडायचा. कंपनीनं दिलेले पाटे शहरातल्या माणसांसाठी, अशी सगळ्यांची खात्री. एक पाटा जास्त घातला की गाडी भाराला बसत नाही, दोन पोती जादा घेता येतात. बसणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न रीतीत नव्हता. पाटा मोडला तरी वाया जायचा नाही. लोहारमामा त्याचा कोयता करून द्यायचे. आमच्या नात्यातल्या निम्म्या घरांतले कोयते आबांच्या जीपचे आहेत, आणि खरं सांगायचं तर जीपपेक्षा ते जास्त टिकले.

त्या जीपनं शेवटी आबांची पाठ खाल्ली. दोन मणक्यांमधली गादी सरकली, पाय बधिर झाला, बेळगावात ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, चाला हवं तेवढं, पण हिसका बसता कामा नये. जीप विकली. तेव्हापासून आबा पडवीतल्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत होते आणि प्रत्येकीला नावं ठेवत होते.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला आत्तीला. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण, आमच्या घरातली एकमेव व्यक्ती जी आबांना अजून 'पोरा' म्हणते. तिचं घर अणशीच्या अलीकडं. मोठ्या रस्त्यापासून एक फाटा आत जातो, मैलभर खडकाळ चढ आहे, आणि वर भाताचं शेत नि थोड्या सुपारीच्या कडेला तिचं घर. दर भाऊबीजेला आबा तिच्याकडं जायचे, पाटावर बसायचे, ओवाळून घ्यायचे. ऑपरेशननंतर ते बंद झालं. आत्तीचे गुडघे गेलेले, तिला बसची पायरी चढवत नाही. तीन भाऊबिजा अशाच गेल्या.

तिसऱ्या वर्षी तिनं बसच्या कंडक्टरच्या हाती केळीच्या पानात बांधलेली पुडी पाठवली. आत चार कडबोळी आणि कागदात कुंकू. सोबत निरोप होता: "पोराला सांगा, त्येच्या त्येनंच लावून घे म्हणावं. पुडच्या दिवाळीला मी असन नसन." आबांनी कुंकू स्वतःच्या बोटानं कपाळाला लावलं. कडबोळी दोन दिवस पुरवून खाल्ली आणि त्या दोन दिवसांत एकाही गाडीला नावं ठेवली नाहीत. मला ते बघवलं नाही. पुढच्या भाऊबीजेला काहीही झालं तरी आबांना आत्तीसमोर पाटावर बसवायचं, असं मी त्या दिवशी ठरवलं.

म्हणून गाडी. बेळगावच्या दुकानात विकणारा मला रंग दाखवत होता, गाणी कशी लागतात ते दाखवत होता. मी म्हटलं, मला गाडी खालून बघायचीय. त्याला वाटलं बाईचं काहीतरी पडलं असेल. शेवटी मागच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी एक गाडी वर उचलून दाखवली. पिकल्या मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस. मास्तर व्हायला हवा होता.

तिथं मला कळलं की मधला दांडा गेलाय. आता पुढच्या प्रत्येक चाकाचा संसार वेगळा. प्रत्येकाला आपली गुंडाळीची स्प्रिंग, तिच्या पोटात तेल भरलेला शॉकअप, आणि खालून चाकाला धरून ठेवणारा एक हात. डावं चाक खड्ड्यात गेलं तर डावंच जातं, उजव्याला फारशी तोशीस लागत नाही. तो हात गाडीला जिथं जोडलाय तिथं दोन रबरी बुश. मिस्त्री म्हणाले, पूर्वी दोन्ही सारखेच असायचे. आता एक कडक ठेवतात, म्हणजे स्टेअरिंग सरळ राहतं, आणि दुसरा मऊ, म्हणजे धक्का तिथंच जिरतो. मला सगळ्यात आवडला तो शॉकअप. त्याच्या आत तेलाला जायला दोन वाटा असतात. बारीक, भरभर बसणारे धक्के आले की दुसरी वाट उघडते आणि शॉकअप सैल पडतो. वळणावर गाडी सावकाश कलायला लागली की ती वाट बंद होते आणि तोच शॉकअप ताठ होतो. कुठं सोडून द्यायचं नि कुठं धरून ठेवायचं, एवढं त्या लोखंडाच्या नळीला कळत होतं. मला आमच्या घरातल्या काही माणसांची आठवण झाली आणि मी लगेच पैसे भरले.

गाडी मंगळवारी आली. शनिवारी पूजा. मधले दिवस शाळा, दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीची परीक्षा, त्यामुळं गाडी अंगणात उभी. पूजेच्या दिवशी आबांनी स्वतः नारळ फोडला. लोहारमामाही आले होते. दोघं म्हातारे एकमेकांकडं बघून उगाच हसत होते. मला वाटलं, आनंद झालाय. किती भोळी मी!

भाऊबीजेला सकाळी आठलाच निघालो. आबा पुढच्या सीटवर, पांढरा सदरा, टोपी, मांडीवर आत्तीच्या साडीची पिशवी. पहिल्याच गतिरोधकावर मला खटकलं. बेळगावहून येताना गाडी असे अडथळे गिळत आली होती. आज तिनं ते आमच्या अंगावर टाकले. टायरांत हवा जास्त झाली असेल म्हणून उतरून बघितलं. ठीक होती. रस्ताच बिघडला असेल, असं मी मनाला समजावलं.

आबा मात्र खुशीत. "बग, कशी घट्ट चाललीया!"

पुढं जंगल लागलं. जनावरांसाठी गाड्या सावकाश जाव्यात म्हणून घातलेले गतिरोधक एकामागून एक सुरू झाले. आबांचं बोलणं कमी झालं. मग थांबलं. खिडकीवरचा दांडा त्यांनी एका हातानं धरला, मग दोन्ही हातांनी. कपाळावर घाम. मी विचारलं, "दुखतंय?" ते म्हणाले, "न्हाई." आबांचं 'न्हाई' मी जन्मापासून ऐकतेय. जोयड्याला चहाच्या टपरीपुढं गाडी थांबवली आणि त्यांना धरून बाकड्यावर आडवं केलं. त्यांचा पाय थरथरत होता.

"परत जाऊया," मी म्हटलं.

"आक्का वाट बगत आसंल."

"तुमची पाठ परत गेली तर?"

ते डोळे मिटून पडून राहिले. मला रडू येत होतं आणि मला रडू आलं की राग येतो. मी गाडीपाशी गेले, पुढच्या चाकाला एक लाथ मारली, आणि वाकून बघितलं. चाकाच्या वर, स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये, काळं जाड रबर बसवलेलं. वरून प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळलेलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. मिस्त्रींनी दाखवलेल्या गाडीत असलं काहीही नव्हतं.

"आबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की टपरीवाल्याच्या हातातली किटली हलली. "स्प्रिंगमध्ये काय घातलंय?"

आबांनी एक डोळा उघडला. "तू शाळंत व्हतीस तवा. लोहारमामानं आणलं रबर. हिला पाटा वाडवता येत न्हाई म्हणला, मग ह्येच."

"पण कशाला?"

"रीत हाय ती. आन्..." ते थांबले. "येताना आक्काला संगं आणायची हाय म्हटलं, म्हायेरपणाला. ती बसणार, तिचं तांदूळ बसणार, कंदांचं पोतं बसणार. तेवढ्या भारानं गाडी बसंल तुजी. मागं रबर बसलं न्हाई, म्हणून पुडं जरा घट्ट केली."

जित्याची खोड, दुसरं काय. आयुष्यभर ज्यानं पाठ मोडली तेच त्यांनी नव्या गाडीत स्वतःच्या हातानं भरलं होतं, आणि तेही बहिणीच्या मायेपोटी. अशा माणसावर धड रागावताही येत नाही. पण मी रागावलेच. टपरीवाल्यासमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर, मनसोक्त. आबा माझा श्वास संपल्यावर म्हणाले, "आता वरडून काय व्हनार? जॅक काड की."

मी साडीचा पदर खोचला. मागच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर चढवली. चाक खाली लोंबलं तशी स्प्रिंग ताणली गेली, वेढे उघडले. आबा बाकड्यावरून हुकूम सोडत होते. "स्टेरिंग पार डावीकडं वळीव. आता हात घाल. आगं असं न्हाई, खालनं." "गप्प पडा तुम्ही," मी म्हणायचे आणि ते सांगतील तसंच करायचे. टपरीवाल्याच्या चाकूनं पट्टी कापली, थोडं साबणाचं पाणी सोडलं आणि दोन्ही हातांनी ओढलं. रबर सुटलं तशी मी मागं पडले. आबा हसले. पाठीत कळ आली म्हणून कण्हले, आणि परत हसले. दुसरं रबर निघेपर्यंत माझाही राग निवळला होता.

मी बॉनेट दाबलं. नाक खाली गेलं, वर आलं, थांबलं.

"वाकतीया," आबा म्हणाले. यावेळी त्यात तक्रार नव्हती.

तासभर त्यांना पडू दिलं. मग पाठीमागं उशी, कमरेला पट्टा, आणि निघालो. मी मनात ठरवलं होतं, पुढच्या दोन गतिरोधकांवर त्यांचं तोंड बघायचं. जरा जरी वेडंवाकडं झालं तर गाडी वळवायची. पहिला गेला. दुसरा गेला. गाडी पुढून वाकायची, उठायची, शांत व्हायची. त्यांचे हात मांडीवरच्या पिशवीवर होते. कुंभारवाडा मागं पडलं. काहीतरी घरघर ऐकू आली आणि माझा पाय ब्रेककडं गेला, आता पुढून कसला आवाज? आवाज आबांचा होता. ते झोपले होते. टोपी नाकावर आलेली, तोंड उघडं. चालत्या गाडीत माझे वडील झोपलेले मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मला फार बरं वाटलं. मग सगळा रस्ता मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

फाटा आला तशी मला जुनी गोष्ट आठवली. लहानपणी आत्ती माहेरपण करून जीपनं परत निघायची तेव्हा मी कधी कधी मागच्या सीटवर असायचे. या फाट्यावर ती नेहमी उतरायची. "वर नगं येऊस पोरा, तुजे पाटे मोडतील," म्हणायची, डोक्यावर बोचकं घ्यायची आणि चढ चालायला लागायची. आबा पुढं अणशीला जायचे. आत्तीला चालायची हौसच आहे, असं मी धरून चालले होते. आज त्या चढावर मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. चाकं आपापले दगड चढत होती, आबा घोरत होते.

आत्ती पायरीवर बसली होती. सकाळपासून बसली होती, असं तिची सून म्हणाली. तिनं भावाला उतरताना बघितलं आणि उठायला गेली, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. मग आबाच गेले आणि पायरीवर तिच्याशेजारी टेकले. पाट मांडलेला होता, पण खाली बसून परत उठणं दोघांनाही जमणार नव्हतं. तिनं पायरीवरच त्यांना ओवाळलं. कुंकू लावताना तिचा अंगठा घसरला आणि टिळा भुवईपर्यंत गेला. आबांनी तो पुसला नाही.

जेवताना मी जोयड्याची सगळी हकीगत तिखटमीठ लावून सांगितली. आत्ती पोट धरून हसली. "झोप लागली म्हण! तुज्या जीपमदी तर मेलेलं माणूसबी उटून बसलं आस्तं." मग हसता हसता ती म्हणाली, "आरं, मी काय पाटे मोडतील म्हणून फाट्यावर उतरत व्हते व्हय? तितवर येऊस्तोवर कंबरंत अशी कळ यायची, की त्यो चढ बसून काडणं व्हायचं न्हाई. पर तुला कसं सांगू? त्या गाडीवर घर चालत व्हतं तुजं."

मला वाटलं आबाही हसतील. ते पानातल्या भाताकडं बघत होते.

"ठावं व्हतं मला, आक्का," ते म्हणाले.

सून वाढायला आली होती, ती तशीच उभी राहिली.

"आरशात दिसायचीस की. बोचकं डोक्यावर, येक हात कंबरंवर. येक पाटा काडला आस्ता तर घरापत्तोर बसून आली आस्तीस. पर दोन पोती कमी झाली आस्ती." त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "दरवर्षी म्हणायचो, औंदा काडतो."

"खा आता," आत्ती म्हणाली. "भात गार व्हतोय."

दुपारी आम्ही आत्तीला घेऊन निघालो. तांदूळ, कंद, एक भोपळा, सगळं मागं भरलं. मी मागचं दार उघडून तिला बसवायला गेले, तर आबांनी पुढचं दार उघडलं.

"आक्का, तू हितं बस."

"आन् तू?"

"मी येतो की." त्यांनी तिला बसवलं, साडीचा काठ आत सरकवला, दार लावलं, आणि स्वतः बाहेरच उभे राहिले. एक हात खिडकीत. "चल पोरी. सावकाश."

"आबा, गाडीत बसा," मी म्हटलं. "या दगडांचं तिला काही होत नाही. येताना बघितलंत ना?"

"गाडीचं न्हाई गं," ते म्हणाले. "फाट्यापत्तोर चालतो मी. डाक्टरनं चाल म्हणलंय."

मी पहिला गिअर टाकला. आयुष्यात एवढी हळू गाडी मी कधी चालवली नाही. डावं चाक दगडावर चढायचं, उतरायचं, आत काही कळायचं नाही. खिडकीत आबांचा हात होता. आत्तीनं तो थोडा वेळ नुसता बघितला, मग त्यावर आपला ठेवला.

"पोरा, बस की आता," मैलभरात ती तीन वेळा म्हणाली. "मऊ हाय गाडी."

"ठावं हाय," आबा प्रत्येक वेळी म्हणाले, आणि फाटा येईपर्यंत चालत राहिले.